वाटाड्याचा रुमाल

३ मार्च, रविवार

ठरलं एकदाचं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी डोंगरावरच्या तळ्याकाठी जायचं, तंबू ठोकायचा, एक रात्र काढायची आणि रविवारी परत. पन्नासहून जास्त वर्षं नुसतं "जाऊ या, जाऊ या" चाललंय. त्याच्या तयारीसाठी ही वही काढली. पाट्या रंगवणाऱ्याचं अक्षर आहे, निदान वाचता तरी येईल.

दुपारी जेवताना जाहीर केलं. भिंगरी, म्हणजे माझी नात, वय वर्षं नऊ, टेबलाभोवती तीन चकरा मारून आली. ती एका जागी बसत नाही म्हणूनच तिचं नाव भिंगरी. जावईबापूंनी लगेच फोनवर यादी सुरू केली. पहिली वस्तू काय, तर डास पळवायचं मलम. उंटावरचा शहाणा! तिथल्या वाऱ्यात माणूस उभा राहत नाही, डास कुठला राहायला?

लेक म्हणाली, "बाबा, वरचा रस्ता कच्चा आहे ना?"

"कच्चा आहे म्हणून तर मजा."

ताई एवढंच म्हणाली, "गाडी कोण चालवणार?"

"मी. अजून कोण?"

ताईनं भाजीत मीठ घातलं. मघाशी एकदा घातलेलं होतं. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, एकाहत्तरची आहे. माझी बायको गेल्यापासून आम्ही दोघं भावंडं खाली माझ्या पाट्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहतो आणि लेकीचा संसार वरच्या मजल्यावर. ताईचं हल्ली असं होतं, मी काही बोलत नाही.

७ मार्च, गुरुवार

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेलो. त्याच्या गॅरेजची पाटी मी रंगवली त्याला तीस वर्षं झाली, अजून एक अक्षर उडालेलं नाही. त्याच्याकडे एक जुनी जीप आहे, महिन्याभरासाठी देतो म्हणाला. चारही चाकांना जोर देणारा दांडा अजून चालतो. आत बसलो आणि वास आला. तापलेलं रेक्झिन, डिझेल आणि थोडी धूळ. अगदी बाबांच्या जीपचा वास! डोळ्यांत पाणीच आलं. मिस्त्रीला म्हटलं, तुझ्या गॅरेजमध्ये धूर फार.

त्यानं धडा दिला. दगडांच्या रस्त्यावर चाकांतली हवा थोडी कमी करायची. चढाला आधीच खालचा गिअर टाकायचा आणि मध्येच बदलायचा नाही. उतारावर ब्रेकवर उभं राहायचं नाही, इंजिनलाच गाडी धरू द्यायची. मी म्हटलं, अरे, हे मला बाराव्या वर्षापासून पाठ आहे.

१० मार्च, रविवार

आपल्या फाटकाचा डावा खांब बांधणाऱ्यानं वाकडा बांधला आहे हे मी इतकी वर्षं सांगतोय, कुणी ऐकत नाही. आज जीप घरी आणताना घासली. दारावर लांबलचक चरा. जावईबापू म्हणाले, "बाबा, खांब जिथं होता तिथंच आहे."

"असेना. मग जीप रुंद आहे."

चरा मी स्वतः रंगवून टाकला. काम झकास झालं, पण वाळल्यावर भिंगरी म्हणते, "आजोबा, डावीकडची बोटभर पट्टी राहिली." राहिली होती खरी. ऊन डोळ्यांवर येत होतं.

१३ मार्च, बुधवार

आज काम नव्हतं. ताईबरोबर चहा पीत बसलो आणि बाबांच्या सहली निघाल्या. दर वर्षी थंडी सरली की बाबा जीप काढायचे. लाकडाच्या वखारीत मोजणीचं काम होतं त्यांना, सुट्टी मिळायची चारच दिवस. पुढे डावीकडे ताई, मागे मी, आई आणि स्वयंपाकाची पेटी. ताईचं काम म्हणजे सारखं बोलत राहायचं. "डावीकडे वीतभर आहे. आता हातभर. दगड येतोय. दगड गेला." आम्ही तिला आकाशवाणी म्हणायचो. अजूनही ती कुणाच्याही गाडीत बसली की हेच करते. रिक्षावाले वैतागतात.

आणि माझं काम वाटाड्याचं. डांबरी रस्ता संपला की मी खाली उतरायचं आणि पांढरा रुमाल घेऊन गाडीच्या पुढे चालायचं. रुमाल वर धरला की ये. आडवा धरला की थांब. ज्या बाजूला झटकला त्या बाजूला घे. शेवटचे दोन मैल असे. आजवर दुसऱ्या कुठल्या घरात मी ही पद्धत पाहिलेली नाही. इतर जीपवाले आम्हाला हसत पुढे निघून जायचे. बाबांना पर्वा नसे. तशी त्यांना कशाचीच नसे. बाजारात आईच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. त्या काळात! लोक बघत राहायचे. इतकं प्रेम मी तरी दुसऱ्या कुठल्या नवऱ्याचं पाहिलं नाही.

मी विचारायचो, "बाबा, मीच का चालायचं?" ते म्हणायचे, "तू पुढे असलास की मला रस्ता दिसतो." छाती अशी फुगायची!

हे मी ताईला आठवून सांगितलं तर ती कप विसळायला उठली. कप अर्धा भरलेला होता.

१६ मार्च, शनिवार

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. लिहितो. वही माझी आहे.

सहली बंद पडल्या त्या माझ्यामुळे. तळ्याच्या अलीकडे शेवटचं वळण आहे, त्याला आम्ही कोपर म्हणायचो. हात दुमडावा तसा रस्ता दुमडतो. उजवीकडे कडा, डावीकडे उतार. मी बारा वर्षांचा होतो. दिवस लख्ख उजेडाचा. पुढे चालता चालता मला झुडपात ससा दिसला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मी रुमाल डावीकडच्या एका झुडपावर अडकवला आणि सशामागे गेलो. मागून आवाज आला. वळून बघतो तर बाबांनी गाडी सरळ त्या झुडपावर घातलेली, पुढचं डावं चाक हवेत! ती तशी थांबली कशी, देव जाणे.

कुणाला खरचटलंही नाही. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. रस्त्याकडेच्या एका दगडावर तासभर बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर. महिन्याभरात जीप विकली. वखारीतलं मोजणीचं कामही सोडलं आणि वखारीच्याच फाटकावर राखणीला बसू लागले. परत कधी तळ्याचं नाव काढलं नाही. एका रुमालापायी मी माझ्या बापाचा सगळा आनंद घालवला. मनातलं हे आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. म्हणून तर जायचंय मला. कोपर पार करून भरली गाडी तळ्यापर्यंत न्यायची. एकदाच. मग माझं काहीही होवो.

२१ मार्च, गुरुवार

लेकीनं फाटकाच्या खांबाचं निमित्त करून मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. समोरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. डॉक्टरीणबाई तरुण, पण हुशार. मी म्हटलं, ओळींमधलं अंतर चुकलंय तुमच्या तक्त्यात. हसल्या.

मग एका पांढऱ्या डब्यात डोकं घालून बसवलं. हातात बटण. आत ठिपका चमकला की दाबायचं. ते मशीन मात्र बिघडलेलं होतं. बराच वेळ काही चमकायचंच नाही, आपलं घोडं पेंड खात बसलेलं. मी तसं सांगितलं. मशीनवरची पोरगी म्हणाली, "चालू आहे, आजोबा." असेल.

नंतर डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब, बाजूची नजर, असं बरंच सांगितलं आणि विचारलं, "घरात कुणाला हा त्रास होता? आईला, वडिलांना?" मी म्हटलं, छे! वडिलांची नजर घारीची होती, डोंगरात जीप चालवायचे. रोज टाकायला थेंब दिले आणि म्हणाल्या, "तूर्त गाडी चालवणं बंद. रहदारीत तर मुळीच नाही." डोंगरात कसली आलीये रहदारी? तिथं एक गाय भेटली तर भेटली.

लेक पैसे भरायला म्हणून आत थांबली ती पंधरा मिनिटांनी आली. डोळे लाल. म्हटलं, तुझ्याही डोळ्यांत थेंब टाकले की काय? "हो," म्हणाली.

२४ मार्च, रविवार

गच्चीवर तंबू ठोकून पाहिला. जावईबापूंनी सूचनांचा कागद उलटा धरला होता, त्यामुळे तंबूचं दार खाली आणि तळ वर. भिंगरी हसून हसून लोळली. शेवटी मी खाटेला दोऱ्या बांधून उभा केला. जावईबापू माणूस सरळ आहे. "बाबा, मला यातलं काही येत नाही, पण मी भांडी घासीन," म्हणाले. असा जावई मिळायला भाग्य लागतं, पण हे त्यांना सांगायचं नाही. डोक्यावर बसतील.

खाली आलो तर ताई आणि लेक स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मला बघून गप्प. "काय चाललंय?" "काही नाही, बटाटे किती न्यायचे ते." दोन बायकांना बटाटे मोजायला रडावं लागतं हे मला आजच कळलं.

२९ मार्च, शुक्रवार

लेक आठवडाभर रोज सकाळी मिस्त्रीकडे जाते. जीप शिकते म्हणे, हौस म्हणून! आज जुन्या दगडखाणीच्या मैदानावर तिनं चालवून दाखवली. खालचा गिअर, सावकाश, इंजिनवर उतार. उत्तम. क्लच सोडायला तिला मीच शिकवलं होतं, अठराव्या वर्षी. तेव्हा रडायची, आता ओठ घट्ट मिटून चालवते.

मग मी बसलो. मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना रिकामी पिंपं लावली होती. उजवीकडचं एकही पडलं नाही. डावीकडची तीन आडवी. मिस्त्री पिंपं उचलताना माझ्याकडे बघतच नव्हता. मी म्हटलं, "अरे, वाऱ्यानं पडली." तो म्हणाला, "हो काका, वारा आहे." वारा नव्हता. इतकंही मला कळत नाही असं नाही.

संध्याकाळी लेकीशी भांडण झालं. ती म्हणे, गाडी तीच नेणार. मी म्हटलं, मग जा तुम्ही, मी राहतो घरी. जरा आवाज चढला. भिंगरी जिन्यात बसून ऐकत होती, हे नंतर कळलं. वाईट वाटलं.

शेवटी ताईनं तोड काढली. डोंगराच्या पायथ्यापासून कोपराच्या अलीकडच्या सपाटीपर्यंत लेक चालवेल. तिथून पुढचा तुकडा मी, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या गतीनं. लेक आणि भिंगरी वाटाड्या म्हणून पुढे चालतील. "आणि त्याच्या शेजारी मी बसेन," ताई म्हणाली. लेक तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, आत्या."

५ एप्रिल, शुक्रवार

सामान भरलं. तंबू, सतरंज्या, दोर, फावडं, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, बटाटे, अंडी आणि जावईबापूंचं मलम. ताईनं तिच्या पेटीतून एक पांढरा रुमाल काढून भिंगरीला दिला. कडेला आईनं घातलेला निळा टाका. तोच! मी म्हटलं, तुझ्याकडे कसा? "त्या दिवशी झुडपावरून मीच काढून आणला," म्हणाली. इतकी वर्षं जपून ठेवला आणि मला कधी दाखवला नाही. भिंगरीला सगळ्या खुणा शिकवल्या. वर, आडवा, डावीकडे, उजवीकडे. एकही चुकली नाही.

६ एप्रिल, शनिवार. तळ्याकाठी, दुपारी

वही मांडीवर घेऊन लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येईल.

सपाटीपर्यंत लेकीनं गाडी सुरेख आणली. मी मागे बसलो होतो. डाव्या कडेला तेच पिवळं गवत, तोच वारा, पुढून ताईची आकाशवाणी चालू. "हातभर आहे. दगड येतोय. दगड गेला." डोळे मिटले तर मी बारा वर्षांचा.

मग मी स्टिअरिंगवर बसलो. पहिला गिअर, मुंगीच्या पावलानं. वीस-पंचवीस पावलं पुढे लेक आणि भिंगरी, रुमाल वर. ताईचा उजवा हात आमच्या दोघांच्या मधल्या हातब्रेकवर होता. मला राग आला. "ताई, हात काढ." "राहू दे रे, आधाराला धरलाय." कोपर आलं. लेकीनं उजवीकडे खूण केली. मी उजवीकडे घेतली. एवढ्यात भिंगरीला वळणापलीकडे पाणी दिसलं असावं. मला सांगायला ती आईचा हात सोडून पळत मागे आली.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की पुढे दोघी होत्या आणि मग एकच होती. लेक दोन्ही हात वर करून ओरडत होती. मला वाटलं, गाडी छान चाललीये म्हणून. ताई ओरडली "थांब!" आणि गाडी गचकन थांबून बंद पडली. ब्रेक मी लावला नव्हता.

डाव्या दिव्यापासून हातभर अंतरावर भिंगरी उभी होती. रुमाल आडवा, दोन्ही हातांनी ताणून धरलेला. मान पूर्ण वळवली तेव्हा दिसली. "आजोबा, मी केव्हाची थांब थांब करतेय!" म्हणाली. घाबरली नव्हती. तिला वाटत होतं, मी गंमत करतोय.

मी खाली उतरलो. रस्त्याकडेला दगड होता त्यावर बसलो, दोन्ही हात गुडघ्यांवर. बसलो आणि मग कळलं मी कुठल्या दगडावर बसलोय.

ताई आली, शेजारी बसली. म्हणाली, "बाबा इथंच बसले होते."

"माहीत आहे. माझ्यामुळे."

"नाही रे, वेड्या. तुझ्यामुळे नाही. त्यांना दिसत नव्हतं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. दोन वर्षं आधीपासून. आईला आणि मला माहीत होतं. त्या दिवशी त्यांना नुसता पांढरा रुमाल दिसला, तू नाहीस हे दिसलंच नाही. ब्रेक मी ओढला होता, आजच्यासारखाच. घरी गेल्यावर त्यांनी मला शपथ घातली, धाकट्याला सांगायचं नाही, बापाची कीव करेल."

"आणि मी समजत राहिलो..."

"तू काय समजत होतास ते तू कधी बोललास का? मला वाटायचं, तू विसरलास."

मी रडलो. सहासष्टाव्या वर्षी, जावयासमोर. जावईबापू पाण्याची बाटली घेऊन दूर उभे राहिले, जवळ आले नाहीत, फार बरं केलं.

किल्ली लेकीच्या हातात दिली. ती गळ्यात पडली. मग भिंगरीला म्हटलं, "आण तो रुमाल. आता माझी पाळी." ती म्हणाली, "पण तुम्ही आजोबा आहात. वाटाड्या तर मी."

"या रस्त्यावर मी तुझ्याहून जुना आहे. हवं तर माझा हात धर. डावा."

तिनं डावा हात धरला. मी रुमाल वर धरला आणि चालू लागलो. पायाखालची वाट अजून पाठ होती. मागून जीप येत होती, अगदी सावकाश, आणि ताईचं चालू होतं, "हातभर आहे, हातभर आहे." वळण संपलं. खाली तळं. होतं तेवढंच, होतं तसंच. भरली गाडी पोहोचली.

७ एप्रिल, रविवार

सकाळी चहा झाल्यावर लेकीला पाण्याकाठी घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. ससा, रुमाल, बाबा, शपथ, फाटकाचा खांब, पिंप. ती म्हणाली, "मला आत्यानं सांगितलं होतं, बाबा. तरी काल तुम्हाला चालवू दिलं. हट्ट मोडवेना म्हणून. माझी चूक झाली." मी म्हटलं, तुझी नाही. आपल्या घरात सगळे एकमेकांना इतकं जपतात की एक दिवस सगळेच दरीत जायचे.

मग जे खरं सांगायचं होतं ते सांगितलं. बाबांकडून हे माझ्याकडे आलं, माझ्याकडून तिच्याकडे येऊ शकतं, भिंगरीकडेही. बाबांनी लपवलं, मी लपवणार नाही. या आठवड्यात दोघींना तपासायला न्यायचं, मी बरोबर येईन. ती रडवेली झाली. मग नाक पुसून म्हणाली, "त्या डब्यात डोकं घालून बसायचं का मलाही?"

"हो. बटण नीट दाब. वेंधळेपणा करू नकोस."

उतरताना कोपरापर्यंत मी पुढे चाललो. रुमाल आता माझ्या खिशात आहे. बाबा म्हणायचे ते आठवत होतं, तू पुढे असलास की मला रस्ता दिसतो. पोराची छाती फुगवायला म्हणतात, असं समजायचो. खरंच सांगत होते बिचारे. एकदा सरळ सांगितलं असतंत, बाबा, तर ससाच काय, वाघ दिसला असता तरी मी जागचा हललो नसतो.

जावईबापूंना डास चावले. मलम घरीच राहिलं होतं, ठेवलंय म्हणून मी लिहिलं ते खोटं निघालं.

उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करायचा. तिघांची वेळ घ्यायची. आणि सांगायचं, की मशीन बिघडलेलं नव्हतं.